कुळांचा इतिहास : रत्नागिरीच्या निमित्ताने

हॉवर्ड झिन या अमेरिकन इतिहासकाराने १९८० साली अमेरिकेचा 'लोकांचा इतिहास' लिहिला आणि त्या देशातल्या शाळा-महाविद्यालयांत बरीच खळबळ उडवून दिली. कोलंबसाचे जहाज किनाऱ्याला लागते तो प्रसंग त्याने जहाजावरून पाहिला नाही, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या अरावाक लोकांच्या डोळ्यांनी पाहिला. राज्यघटनेकडे त्याने गुलामांच्या झोपडीतून पाहिले, आणि औद्योगिक प्रगतीची कथा सांगताना १८३४ आणि १८३६ साली लोवेलच्या कापडगिरण्यांत संप करणाऱ्या तरुण मुलींना पुढे आणले. त्याच्या निष्कर्षांवर टीकाही पुष्कळ झाली. तो सत्ताधाऱ्यांना फार एकरंगी रंगवतो आणि 'लोक' या शब्दाखाली परस्परविरोधी हितसंबंध झाकून टाकतो, असे आक्षेप घेतले गेले. त्यांचा निवाडा इतिहासाच्या अभ्यासकांनी करावा. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे आहोत. आमच्यापुरते झिनचे मोल त्याने विचारलेल्या प्रश्नात आहे : इतिहास सांगणारा उभा कोठे आहे?

हाच प्रश्न आपल्या जिल्ह्याला विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रत्नागिरीचा जो इतिहास भाषणांतून, स्मरणिकांतून आणि पर्यटकांच्या माहितीपत्रकांतून सांगितला जातो, तो नररत्नांचा इतिहास आहे. १८५६ साली येथे टिळकांचा जन्म झाला. १८८६ साली ब्रह्मदेशाचा राजा थिबा येथे स्थानबद्ध होऊन आला आणि १९१६ साली येथेच वारला. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध होते, आणि १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले. यातले काहीही खोटे नाही आणि काहीही क्षुल्लक नाही. पण ज्या जिल्ह्यातली बहुसंख्य माणसे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत भात लावत आली, त्या जिल्ह्याच्या इतिहासाचा कणा राजवाडा असू शकत नाही. आमच्या मते तो कणा खोतीचा आहे : खोत आणि कूळ यांच्यातला जमिनीचा, धान्याचा आणि शेवटी कागदावरच्या नावाचा झगडा.

अर्धेल

खोती आदिलशाहीच्या काळापासून कोकणात रुजली. खोत हा मूळचा गावाचा वसूलदार. सरकारचा सारा गावाकडून गोळा करावा आणि सरकारात भरावा, हे त्याचे काम. काहींकडे सनदा होत्या, काहींनी वहिवाटीने हक्क मिळवले. पुढे वसुलीच्या हक्काचे रूपांतर मालकीसारख्या हक्कात झाले आणि इंग्रजी अमलात सरकार व खोत यांच्यात 'मालक कोण' यावर दीर्घकाळ वाद चालला. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुसंख्य गावे खोतीची होती. खोतांत चित्पावन ब्राह्मण अधिक, पण मराठे, प्रभू आणि मुसलमान खोतही होते. कुळांत मुख्यतः कुणबी, त्यांच्याबरोबर महार, भंडारी आणि गरीब मराठे.

कुळांतही पायऱ्या होत्या. धारेकऱ्याने फक्त सरकारी धारा खोतामार्फत भरायचा. अर्धेलकऱ्याने मात्र पिकाचा वाटा द्यायचा. सर्वसाधारण रीत अशी की भाताचे अर्धे आणि डोंगर-उतारावरच्या नाचणी-वरीसारख्या वरकस पिकाचा तिसरा हिस्सा खोताचा. हा वाटा ठरवण्यासाठी उभ्या पिकाचा अंदाज बांधला जाई, त्याला अभावणी म्हणत. पीक कापण्यापूर्वीच ते किती निघेल हे ठरवणारा माणूस खोताचा. तो अंदाज चढा निघाला तर फरक कुळाच्या कणगीतून जाई. त्यावर वेठ : खोताच्या शेतावर आणि घरी विनामोबदला कामाचे दिवस. बी-बियाण्यासाठी कर्ज बहुधा त्याच दारातून येई, आणि कुळाचे घर ज्या जागेवर उभे, ती जागाही पुष्कळदा खोताच्याच खात्यातली असे.

सर्व खोत श्रीमंत नव्हते, हे नोंदवले पाहिजे. खोतीच्या तक्षिमा पडत पडत एकेका गावात अनेक भागीदार झाले, आळीपाळीने कारभार पाहू लागले, आणि कित्येकांच्या वाट्याला मोडकळीला आलेला वाडा आणि मोठेपणाची आठवण एवढेच उरले. परंतु गरीब खोत आणि गरीब कूळ यांची गरिबी एका जातीची नव्हती. खोताचे नाव दप्तरात होते. गरज पडली तर तो कोर्टात जाऊ शकत होता आणि वर्तमानपत्रात लिहू शकत होता.

१८८० साली मुंबई सरकारने खोती कायदा केला. त्याआधीच्या आणि नंतरच्या वादात खोतांची बाजू मांडायला समर्थ माणसे होती. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक हे त्यांत प्रमुख. पुढे कायद्यात दुरुस्तीचे प्रस्ताव आले तेव्हा 'केसरी'नेही खोतांचा कैवार घेतला. टिळकांच्या घराण्याची खोती दापोली तालुक्यातल्या चिखलगावची होती. सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध परंपरागत हक्कांचे रक्षण, अशी त्या युक्तिवादाची मांडणी होती, आणि परकीय सरकारविरुद्ध लढणाऱ्या माणसाला ती सुसंगतही वाटली असणार. पण कुळाच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. त्याच्या दृष्टीने अन्यायाचा चेहरा साहेबाचा नव्हता, गावातल्याच माणसाचा होता. राष्ट्राचा इतिहास आणि लोकांचा इतिहास हे दोन प्रवाह येथे वेगळे होतात.

अमेरिकेतला अर्धेलकरी

आता थोडे समुद्रापार जाऊ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मनने दक्षिणेच्या किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना जास्तीत जास्त ४० एकरांच्या तुकड्यांनी देण्याचा हुकूम काढला. हजारो कुटुंबे त्या जमिनीवर जाऊन राहिली, त्यांनी पेरणी केली. पण लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली. मग उरले काय? मालकाची जमीन, मालकाचे बियाणे, मालकाच्या दुकानातली उधारी, आणि पिकाचा वाटा, जो पुष्कळ ठिकाणी निम्मा होता. गुलाम स्वतंत्र झाला आणि अर्धेलकरी झाला.

कोकणातल्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. मात्र साम्य दाखवताना भेद विसरू नये. कोकणातले कूळ विकले-घेतले जात नव्हते. अमेरिकन गुलामीची क्रूरता ही वेगळीच गोष्ट आहे. साम्य आहे ते गुलामी संपल्यानंतरच्या टप्प्यात : कायद्याने माणूस मोकळा असतो, पण ज्या जमिनीवर तो उभा आहे ती त्याची नसते, आणि हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात असते.

हे साम्य आम्ही आज शोधून काढलेले नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले तेव्हा ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात बसलेला एक माणूस, युद्ध संपल्यानंतर आठच वर्षांत, तिकडच्या घटनेचा अर्थ इकडच्या शूद्रातिशूद्रांसाठी लावतो, ही मराठी विचारविश्वातली फार मोठी घटना आहे. पुढे बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यूबॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. लोकांच्या इतिहासाची ही देवघेव विद्यापीठांनी सुरू केलेली नव्हती.

आणखी एक धागा कापसाचा. यादवी युद्धामुळे अमेरिकन कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, हिंदी कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ नंतर ती तेजी कोसळली, पण भांडवल आणि व्यापाराचे जाळे मागे राहिले, आणि पुढच्या दशकांत मुंबईत गिरण्यांची धुराडी वाढत गेली. त्या गिरण्यांना माणसे हवी होती. ती कोठून आली, हे आपल्याला ठाऊक आहे.

मुंबईची वाट

१९११च्या जनगणनेच्या सुमारास मुंबईतल्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, तो १९८१ साली वेगळा झाला.) 'कोकणी माणूस मुंबईकडे ओढला गेला' असे आपण सहज लिहितो. पण माणूस ओढला जातो तसा ढकललाही जातो. अर्धे भात खोताला दिल्यावर उरलेले चार-सहा महिन्यांत संपत असेल तर घरातल्या एका पुरुषाने तरी बोटीत बसावेच लागे. गिरणीतला पगार मनिऑर्डरीने गावी येई आणि त्यातून खंडाची थकबाकी, सावकाराचे व्याज, लग्नकार्य भागे. म्हणजे मुंबईच्या गिरणीतली मजुरी कोकणातली खोती जिवंत ठेवण्यासही हातभार लावत होती. चाळ आणि वाडी या दोन जगांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

या वहीतले अर्धे रकाने बायकांचे आहेत. पुरुष मुंबईत असताना गावची लावणी, बेणणी, कापणी, गुरेढोरे, म्हातारेकोतारे आणि खोताचे बोलावणे हे सर्व सांभाळले ते बाईने. तिकडे गिरणगावात एकट्या राहणाऱ्या शेकडो कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळी चालवल्या त्याही बायकांनीच. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करीपर्यंत या कामाला कोणी 'काम' म्हणतही नव्हते.

आणि येथेच 'लोक' या शब्दाची दुसरी बाजू दिसते. गिरणीत एकत्र आलेले कोकणी कामगार सर्वार्थाने एक नव्हते. विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे, पण तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यात धागा भरताना तो तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. १९२८च्या प्रचंड संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. अमेरिकेत अनेक कामगार संघटनांनी कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ दारातच उभे केले होते, त्याचेच हे देशी रूप. लोकांचा इतिहास लिहायचा म्हणजे लोकांनी एकमेकांवर केलेला अन्यायही लिहायचा. तो टाळला तर आपण नररत्नांच्या जागी 'जनता' नावाची एक नवी मूर्ती बसवू, एवढेच.

दापोली, महाड, चिपळूण, चरी

या झगड्याच्या पायऱ्या थोडक्यात पाहू. पलटणीतून निवृत्त झालेल्या महार शिपायांची मोठी वस्ती दापोलीत होती. त्यांच्यातलेच गोपाळबाबा वलंगकर. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली, दापोलीत अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली, आणि सैन्यातली महारांची भरती बंद झाल्यावर १८९४ साली सरकारकडे अर्ज केला. दलित साहित्याचा इतिहास शिकवताना आपण साठच्या दशकातल्या मुंबईपासून सुरुवात करतो. त्याची एक ठिणगी आपल्याच जिल्ह्यात ऐंशी वर्षे आधी पडली होती. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातले, आणि त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीतच गेला.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर माणसे पाणी प्यायली. बोले यांच्या १९२३च्या ठरावाने आणि महाड नगरपालिकेने तळे कागदावर खुले केलेच होते. सत्याग्रहाने कागदावरचा हक्क ओंजळीत आणला, आणि न्यायालयाने तो मान्य करायला १९३७ साल उजाडले. अमेरिकेत माँटगोमेरीच्या बसवरचा बहिष्कार १९५५-५६चा. आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा तो आधी माहीत होतो, ही पाठ्यपुस्तकांची गंमत आहे.

एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली रत्नागिरी जिल्ह्याची परिषद भरली. त्याच वेळी शेतकऱ्यांचीही परिषद झाली आणि खोतीचा प्रश्न उघडपणे मांडला गेला. येथे कुणबी आणि महार हे दोन दुरावलेले समाज एका प्रश्नावर एकत्र येण्याची शक्यता निर्माण झाली. ती सहज नव्हती. पाणवठ्यावर जे एकमेकांना दूर ठेवत, त्यांना खळ्यावर मात्र एकच माणूस लुबाडत होता.

शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवले की यापुढे जमीन कसायची नाही. हा संप २५ गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे! गिरणीतला संप करणारा कामगार यंत्र थांबवतो. जमिनीचा संप करणारा शेतकरी स्वतःचे ताट थांबवतो. जंगलातली लाकडे विकून, मासळी मारून, मिळेल ती मजुरी करून ही कुटुंबे जगली, पण पडीक जमिनीत नांगर घातला नाही. या लढ्यातूनच १९३७ साली 'कृषीवल' हे पत्र निघाले. १९३९च्या कूळ कायद्याने कुळांना प्रथम काही संरक्षण मिळाले, त्यामागे या सहा वर्षांची पडीक शेते आहेत.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोतांना वाजवी भरपाई आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्यांना कब्जेदाराचा हक्क, असे त्याचे संयत स्वरूप होते. जानेवारी १९३८ मध्ये त्याच्या पाठिंब्यासाठी सुमारे २० हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत निघाला. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण घरांतले कार्यकर्ते या चळवळीत आघाडीवर होते. रत्नागिरी-कुलाब्याकडची ही माणसे मुंबईत नवखी नव्हती; त्यांचे भाऊ, मुलगे तेथल्याच चाळींत राहत होते. विधेयक मात्र संमत झाले नाही. खेर मंत्रिमंडळ काँग्रेसचे होते, आणि राष्ट्रीय चळवळीचा ग्रामीण पाया कोणत्या घरांत होता हे लक्षात घेतले की या टाळाटाळीचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

कायदा आला तेव्हा

खोती शेवटी स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या कायद्याने गेली आणि त्याचा अंमल १९५० साली सुरू झाला. १९४८चा कूळ कायदा होताच. त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कायदेशीरपणे कसणारे कूळ तिचे मालक मानले जाणार, किंमत ठरणार, ती भरल्यावर प्रमाणपत्र मिळणार. रक्तपात न होता जमिनीची मालकी एका वर्गाकडून दुसऱ्याकडे कायद्याने जावी, ही सामान्य घटना नव्हे. अमेरिकेतल्या मुक्त गुलामांना १८६५ साली जे दिले आणि काढून घेतले, ते कोकणातल्या लक्षावधी कुळांपैकी पुष्कळांना मिळाले. आपण या दिवसाचा उत्सव करीत नाही, हे चमत्कारिक आहे.

पण 'पुष्कळांना' म्हणजे सर्वांना नव्हे. कायद्याने विचारले : नोंद आहे का? ज्याची वहिवाट तोंडी होती, ज्याने खंडाची पावती कधी मागितली नव्हती, जो त्या वर्षी मुंबईत होता, ज्या विधवेचे नाव कोणी कधी लिहिलेच नव्हते, त्यांना आपण आपल्याच शेतात होतो हे सिद्ध करावे लागले. कित्येकांना ते करता आले नाही, कित्येकांनी भिडेखातर केले नाही. आजही कोकणातल्या तहसील कचेऱ्यांत सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यावरून, वारसांच्या फेरफारावरून जे वाद चालतात, त्यांचे मूळ या प्रश्नात आहे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही, याची प्रचिती गेल्या तीन दशकांत वारंवार आली. १९९२ नंतर एन्रॉन ही अमेरिकन कंपनी गुहागर तालुक्यात दाभोळ वीज प्रकल्प घेऊन आली. वेलदूरच्या कोळणींसह गावकऱ्यांनी विरोध केला, १९९७ साली त्यांच्यावर पोलिसी कारवाई झाली आणि तिची दखल आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनी घेतली. २००१ साली प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षअखेरीस कंपनीचेही दिवाळे निघाले. माडबन-जैतापूर आणि बारसूच्या सड्यावरही जमिनीचाच प्रश्न उभा राहिला. प्रकल्प हवा की नको, यावर मतभेद असू शकतात. पण प्रत्येक वेळी भरपाई, संमती, हरकत यांचा अधिकार सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच असतो. अभावणी गेली, नोंदीचा प्रश्न राहिला.

साहित्यात कूळ कोठे आहे?

येथवर आलो ते आमच्या विषयाकडे वळण्यासाठीच. मराठी कादंबरीला कोकण फार मानवले. श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. 'तुंबाडचे खोत' (१९८७) ही त्यांची द्विखंडी कादंबरी जगबुडीच्या काठच्या एका खोत घराण्याच्या अनेक पिढ्यांची कथा सांगते. तिचे सामर्थ्य वादातीत आहे, आणि पेंडशांनी खोतांचे उदात्तीकरण केले असा आरोप कोणी करू नये. त्यांच्या खोतांत क्रौर्य, लंपटपणा, अध:पात सारे आहे. पण कादंबरीचा डोळा वाड्यात आहे. वाडा चढतो, वाडा पडतो, आणि वाचक वाड्याबरोबर हळहळतो. साने गुरुजींचा जन्मही पालगडच्या खोत घराण्यात झाला. 'श्यामची आई'मधली गरिबी ही ऱ्हासाला लागलेल्या खोत घरातली गरिबी आहे, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. त्याच गुरुजींनी पुढे शेतकरी-कामगारांसाठी आयुष्य वेचले आणि १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केले, म्हणजे वाड्याचा उंबरठा ओलांडता येतो, हेही खरे.

आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेक जण कुळांच्या घरांतून आलेले असतात. ते खोतांच्या शोकांतिकेवर समरसून उत्तरे लिहितात, आणि त्यात गैर काही नाही. परक्याच्या दुःखाशी समरस होणे हेच तर साहित्य शिकवते. पण त्याच विद्यार्थ्याला अर्धेल, अभावणी, वेठ हे शब्द माहीत नसतात. त्याच्या पणजोबांनी जे भोगले त्याची भाषाच त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. शेक्सपिअरची टिपणे आपण देतो, तशी खोतीचीही दिली पाहिजेत.

दुसऱ्या बाजूने आलेला आवाज मराठीत नाही असे नाही. उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) रत्नागिरीच्या परिसरातल्या दलित बायांचे जग उभे करते : डोक्यावर ओझी घेऊन बाजाराला जाणाऱ्या, बांबूची आयदाने विणणाऱ्या. त्याआधी १९८९ साली त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासह 'आम्हीही इतिहास घडवला' हे आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांविषयीचे पुस्तक लिहिले, त्यासाठी गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायांशी बोलल्या. झिनच्या ग्रंथाच्या शेजारी ठेवावे असे हे काम आहे, आणि ते परदेशी प्रेरणेची वाट पाहत थांबले नव्हते. गिरणगावाच्या बाबतीत नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभर जणांच्या तोंडून तो इतिहास २००४ साली ग्रंथबद्ध केला. शिमग्यातले नमन-खेळे, गणपतीतली जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब यांतही कुळांची स्मृती आणि थट्टा वावरते. लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत आपण त्यांची 'वैशिष्ट्ये' विचारतो. त्या सोंगात खोत कसा येतो, हे विचारायला हरकत नाही.

१९३६ ते १९३८ या मंदीच्या वर्षांत अमेरिकन सरकारने बेकार लेखकांना कामाला लावून, गुलामी प्रत्यक्ष भोगलेल्या २३००हून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्या संग्रहात दोष आहेत. विचारणारे बहुधा गोरे होते आणि सांगणारे जपून बोलत होते. तरी तो नसता तर त्या माणसांचे शब्द कायमचे गेले असते. गुलामी संपून तेव्हा ७० वर्षे झाली होती. खोती संपून आता त्याहून अधिक काळ लोटला आहे. १९५० साली जी मुलगी पंधरा वर्षांची होती, आईबरोबर खळ्यावर उभी राहून वाटा मापला जाताना पाहत होती, ती आज नव्वदीत आहे. अशा माणसांच्या आठवणींचे व्यापक संकलन आपल्या महाविद्यालयांनी करायला हवे. त्यासाठी मोठे अनुदान लागत नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे आणि घरात किंवा शेजारच्या वाडीत सांगणारे माणूस आहे. मराठी विभागांनी एम.ए.च्या प्रकल्पासाठी हा विषय ठेवावा, अभावणीपासून फेरफारापर्यंतच्या शब्दांचा एक कोश करावा, आणि खोत घराण्यांतल्या वृद्धांनाही बोलते करावे, कारण त्यांच्याही आठवणीत कूळ आहेच.

हे काम झाले म्हणून कोणाच्या सातबाऱ्यावर नाव चढणार नाही. पण ज्यांची नावे महसुली दप्तराने नोंदवली नाहीत, त्यांची दखल भाषेच्या दप्तराने तरी घ्यावी, इतकी अपेक्षा भाषा शिकवणाऱ्यांकडून करणे गैर नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण एकच प्रश्न सोपवू शकतो : आपल्या घरची जमीन आपल्या नावावर केव्हा आणि कशी झाली, किंवा का झाली नाही, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून त्याच्याच बोलीत लिहून आणा. ती पाने एकत्र ठेवली की रत्नागिरीच्या लोकांच्या इतिहासाचे पहिले प्रकरण आपल्या हाती असेल.